सशासाठी काडतूस

"काडतूस निवडणं म्हणजे मंडईत वांगी निवडणं नव्हे, मच्छिंद्र!"

गोपाळकृष्ण गद्रे हे बोलले ते नारायण पेठेतल्या आपल्या बाहेरच्या खोलीत, आरामखुर्चीत बसून. समोर मच्छिंद्र दुधाची किटली खाली ठेवून उंबऱ्याशी टेकला होता. मच्छिंद्र धायरीचा. घरची शेती करायचा आणि सकाळी सायकलवरून पेठेत दुधाचा रतीब घालायचा.

"वांगी तरी कुठं निवडता येतात!" आतून सुनीतीबाई म्हणाल्या. "परवाच्या अर्ध्या शेरात निम्मी किडकी निघाली."

गद्र्यांनी ते ऐकलं नाही. संसारात टिकायचं तर काही वाक्यं ऐकायची नसतात, आणि गद्रे चांगले टिकलेले होते.

मच्छिंद्राची अडचण साधी होती. धायरीच्या टेकडीवरून ससे उतरायचे आणि त्याच्या खालच्या पट्टीतल्या हरभऱ्याचे शेंडे खुडून जायचे. फार नाही, बांधाकडेच्या चार ओळी. बाकीची पट्टी ढाण्या नावाचा त्याचा म्हातारा तांबडा कुत्रा राखायचा. पण शेजारच्या मळेवाल्यानं पीक राखायला म्हणून बंदुकीचा परवाना काढला, तेव्हा मच्छिंद्रालाही राहवेना. त्यानं कचेरीत खेटे घातले आणि पॉइंट टू-टूची एक बारीक रायफल मिळवली. परवान्यावर सालभराला पन्नास काडतुसं मंजूर झाली. ती आणायला तो पुण्याच्या लष्कर भागातल्या दुकानात गेला, तर दुकानदारानं विचारलं, "कुठली देऊ?" आणि मच्छिंद्र हात हलवत परत आला. एवढ्याशा बंदुकीच्या काडतुसांत इतक्या जाती असतील हे त्याच्या गावीही नव्हतं.

"म्हनलं, अण्णांना इचारावं," तो म्हणाला. "अण्णांचा अभ्यास हाय."

अभ्यास होता, त्यात शंकाच नाही! गद्रे एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते, पण जीव सगळा बंदुकांच्या कॅटलॉगांत. जुन्या बाजारातून रद्दीच्या भावात आणलेले विलायती कॅटलॉग ते रोज रात्री जेवण झाल्यावर वाचायचे, लोक पोथी वाचतात तसे. पानशेतच्या पुरात सुनीतीबाईंचं शिलाईमशीन गेलं, रुखवतातली भांडी गेली; कॅटलॉगांचं गाठोडं मात्र गद्र्यांनी डोक्यावरून सुखरूप बाहेर काढलं होतं. कुठली गोळी किती वेगानं जाते, किती अंतरावर किती खाली येते, सगळं तोंडपाठ. प्रत्यक्षात त्यांनी आयुष्यात एकदाच नेम धरला होता. तोही प्रदर्शनात, छऱ्याच्या बंदुकीनं, फुग्यावर. तो फुगा पुढं कुणीतरी दुसऱ्यानं फोडला.

ही गोष्ट त्यांनी कधी कुणाला सांगितली नव्हती. सुनीतीबाईंना माहीत होती, कारण त्या शेजारी उभ्या होत्या.

आता, या हरभऱ्याचं एवढं काय, असं तुम्ही म्हणाल. तर सांगतो. पूर आला तेव्हा घर सोडून जायचं कुठं, या विचारात गद्रे नवराबायको रस्त्यावर उभी होती. त्या वेळी मच्छिंद्र बैलगाडी घेऊन आला आणि दोघांना धायरीला घेऊन गेला. घर पुन्हा राहण्याजोगं होईपर्यंत ती त्याच्याकडेच राहिली. मच्छिंद्राची बायको मुक्ताबाई हिनं सुनीतीबाईंना एक दिवस परकेपणा जाणवू दिला नाही. सुनीतीबाईंच्या माहेरी आता कुणी उरलं नव्हतं. निघताना मुक्ताबाईनं त्यांची ओटी भरली आणि म्हणाली, "ताई, संक्रांत झाली की हुळा खायाला यायचं. दर साली. म्हायेर समजून."

तेव्हापासून संक्रांतीनंतरचा तो रविवार सुनीतीबाईंचा. खालच्या पट्टीतला हिरवा हरभरा उपटायचा, शेतातच काटक्यांवर भाजायचा, तोंड काळं होईस्तोवर खायचा. एरवी सुनीतीबाई हसायच्या त्या ओठ मिटून. त्या दिवशी मात्र बांधावर पाय पसरून बसायच्या आणि खदाखदा हसायच्या. गद्र्यांना ते बघायला फार आवडायचं. कधी बोलून दाखवलं नाही, पण आवडायचं.

तेव्हा ससे मारायचे होते ते या हरभऱ्यासाठी, आणि गद्रे त्या कामाला लागले होते ते अगदी मनापासून. तिथंच घात झाला. माणूस मनापासून चुकला की फार पुढपर्यंत चुकत जातो!

पुढच्या शनिवारी दोघं लष्करातल्या दुकानात गेले.

"प्रत्येक जातीची थोडी थोडी द्या," गद्रे म्हणाले. "आखूड ती शॉर्ट, मधली लाँग आणि 'लाँग रायफल' नावाची. त्यात भरीव टोकाची वेगळी, पोकळ टोकाची वेगळी. आणि जास्त वेगाचीही बघू."

दुकानदारानं चष्म्यावरून पाहिलं. "जनावर कोणतं, साहेब?"

"ससा."

"मग साधी लाँग रायफल न्या की. सगळे तीच नेतात."

"सगळे नेतात म्हणूनच तर विचार करायला हवा!" गद्रे गरजले.

"साहेब, तुम्हाला ससा मारायचाय की त्याच्यावर प्रबंध लिहायचाय?"

गद्र्यांनी बोटांवर सगळ्या जाती पुन्हा मोजून दाखवल्या. सशाच्या शिकारीला निघावं तर वाघाच्या शिकारीची तयारी ठेवावी, असं आपले पूर्वज सांगून गेलेत. पूर्वजांना पन्नासाची मर्यादा नव्हती, एवढं फक्त गद्र्यांच्या ध्यानात आलं नाही.

रविवारी सकाळी गद्रे सायकल मारत धायरीला पोचले. हँडलला छत्री अडकवलेली, कारण छत्रीशिवाय ते बारा महिने कुठंच जात नसत. खिशात सुनीतीबाईंची शिवणाची टेप होती. मुक्ताबाईनं चहा दिला. ढाण्यानं येऊन त्यांचे पाय हुंगले, शेपटी हलवली आणि तो बांधाच्या कडेला बाभळीखाली जाऊन पसरला. पुराच्या दिवसांत गद्र्यांनी त्याला रोज भाकरीचा तुकडा घातला होता. त्याचा त्यांच्यावर विश्वास होता.

टेकडीकडच्या उंच तालीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, ओल्या मातीनं भरलेले डालड्याचे डबे मांडले. गद्र्यांनी टेपनं अंतर मोजलं. कमरा मोजायच्या टेपनं शेत मोजायचं म्हणजे काय, पण मोजलं!

"अण्णा, पैली तुमी झाडा," मच्छिंद्र रायफल पुढं करत म्हणाला. "मान तुमचा."

गद्रे एक पाऊल मागं सरकले. पण माणूस कचेरीतला होता. "छे छे! परवाना तुझ्या नावाचा आहे. मी हात जरी लावला तरी दोघंही आत! तू झाड. मी मागं उभा राहून हुकूम देतो. ही छत्री वर केली की नेम धर, खाली केली की झाड."

मच्छिंद्राला अण्णांच्या कायद्याच्या ज्ञानाचं कौतुक वाटलं.

पहिली पाळी शॉर्टची. छत्री वर, छत्री खाली, फुस्स! गोळी डब्याच्या अलीकडं मातीत शिरली.

"कमी पडतं की वो," मच्छिंद्र म्हणाला.

"एका गोळीवरून निष्कर्ष काढणं अशास्त्रीय आहे. पुन्हा!"

पुन्हा फुस्स. पुन्हा. आणि पुन्हा. मच्छिंद्राचा नेम बसत चालला तसा त्यालाही चेव चढला. शहाण्या माणसाचा हुकूम आणि हातात नवी बंदूक! मग थांबतो कोण? तेवढ्यात हरभऱ्यातून एक ससा बाहेर आला आणि तालीच्या पायथ्याशी, डब्यांच्या बरोबर खाली येऊन बसला. शॉर्टचा आवाज एवढा बारीक की त्याला त्याची दखल घ्यावीशीही वाटली नसावी.

"अण्णा!" मच्छिंद्र कुजबुजला. "ससा! झाडू?"

"थांब!"

"आवो, समोर हाय!"

"अरे, शॉर्टनं नुसता जखमी झाला तर? पोकळ टोकाची चाचणी अजून व्हायचीय. निष्कर्षाआधी कृती नको!"

सशानं मागच्या पायानं कान खाजवला, दोघांकडं पाहिलं आणि सावकाश टेकडीकडं निघून गेला. नेमाच्या टप्प्यात आलेला तो पहिला ससा. आणि शेवटचाही.

मग लाँग झालं. मग लाँग रायफल. प्रत्येक जातीला पाच-सात गोळ्या, शंका आली तर आणखी दोन. डब्यांच्या चाळण्या झाल्या. जास्त वेगाच्या काडतुसांचा आवाज असा कडाडायचा की ढाण्या दर वेळी मान उचलून बघायचा. छत्री वर गेली की कान टवकारायचा, खाली आली की दचकायचा. गद्र्यांचं तिकडं लक्ष नव्हतं.

शेवटी पोकळ टोकाची पाळी आली.

"हे मातीवर कळणार नाही," गद्रे म्हणाले. "ही गोळी आत शिरल्यावर फुलते. मांसल काहीतरी हवं." आणि त्यांची नजर घराच्या छपराकडं गेली. छपरावर एक भोपळा होता, लाल, गोल, बघत राहावा असा.

"अण्णा, त्यो हुळ्याच्या दिशी घाऱ्या करायला राखलाय," मुक्ताबाई हळूच म्हणाली. "ताईंना आवडत्यात."

"दुसरा आणू की, मुक्ताबाई! शास्त्रासाठी आहे हे!"

पाहुण्यानं तोंडानं मागितल्यावर नाही म्हणायची त्या घरात रीत नव्हती. मुक्ताबाईनं स्वतः शिडी लावून भोपळा काढून दिला. तो तालीवर ठेवला. छत्री वर गेली. छत्री खाली आली.

धडाम्!

भोपळा म्हणून काही उरलंच नाही! बिया मच्छिंद्राच्या मुंडाशात, गर गद्र्यांच्या चष्म्यावर, आणि एक भलीमोठी फोड उडाली ती थेट बाभळीखाली निजलेल्या ढाण्याच्या पाठीत. ढाण्या किंचाळला. पाठीवरून काहीतरी ओलं आणि लाल ओघळतंय हे बघून त्याची खात्रीच झाली असणार. त्यानं एकदा गद्र्यांकडं पाहिलं आणि जो सुटला तो हरभरा तुडवत, बांध ओलांडत, नदीच्या अंगाला दिसेनासा झाला.

"येईल, येईल," गद्रे चष्मा पुसत म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. "मच्छिंद्र, ठरलं! लाँग रायफल, पोकळ टोकाचं. सशासाठी याच्यापरतं काडतूस नाही. आता हेच भरून ठेव."

मच्छिंद्रानं पुडा उघडला. मग उलटा केला. मग जमिनीवर आपटला.

"अण्णा," तो म्हणाला, "सरली."

"काय सरली?"

"काडतुसं. पन्नासच्या पन्नास. आता फुडच्या सालाशिवाय न्हाय."

नमनाला घडाभर तेल म्हणतात. इथं नमनालाच सगळा घाणा रिकामा झाला होता! गद्र्यांना काहीतरी बोलायचं होतं. पण कॅटलॉगांत या प्रसंगाविषयी काही छापलेलं नव्हतं.

ढाण्या त्या दिवशी आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. रात्री भुंकणारं कुणी नाही हे सशांच्या लवकर ध्यानात आलं. आधी ते बांधाकडेच्या चार ओळी खायचे, आता पंगतच बसायला लागली. मच्छिंद्र पत्र्याचे डबे वाजवायचा, पण डब्यांची चाळणी झाल्यामुळं ते धड वाजतही नव्हते.

सकाळी दूध घालायला आला की तो काही बोलायचा नाही. गद्रेच विचारायचे, "किती राहिलाय?"

"हाय, हाय," मच्छिंद्र म्हणायचा. "घरापाशी हाय की थोडा."

तो नीट दोन शिव्या देता तर बरं झालं असतं, असं गद्र्यांना वाटायचं. त्यांना रात्री कॅटलॉग उघडवेना. सुनीतीबाईंना सगळं कळलं होतं. त्या एक अक्षर बोलल्या नाहीत, आणि त्या बोलत नाहीत हेच गद्र्यांना फार लागत होतं.

एक दिवस मच्छिंद्राच्या तोंडून निघून गेलं की तसा तांबडा कुत्रा नदीपलीकडं वारज्याला कुणाला तरी दिसला. गद्र्यांनी कचेरीत रजा टाकली! सायकल काढली, वारजं गाठलं, आणि खरंच एका गोठ्यापाशी तांबडा कुत्रा! "ढाण्या, ढाण्या" म्हणताच शेपटी हलवत आला. गद्र्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. भाकरी दाखवत दाखवत, गळ्यात धोतराची चिंधी बांधून, त्यांनी त्याला उन्हातून धायरीपर्यंत चालवत आणलं आणि विजयी मुद्रेनं मुक्ताबाईपुढं उभं केलं.

मुक्ताबाईनं पदर तोंडाला लावला. "अण्णा, ही कुत्री हाय."

"म्हणजे?"

"आपला ढाण्या कुत्रा हुता."

बंदुकीच्या नळीचा व्यास डोळे मिटून सांगणाऱ्या माणसाला एवढं दिसलं नाही! तेवढ्यात त्या कुत्रीचे मालक, वारज्याचे दत्तोबा, हातात काठी घेऊन, धापा टाकत हजर झाले.

"पुण्याचा चष्मेवाला कुत्री चोरून न्हेतोय म्हनून पोरं वरडत आली!" ते म्हणाले. "आवो, तुमच्यात शहरात कुत्री न्हाईत का?"

मच्छिंद्रानं हात जोडले, गूळ-पाणी दिलं, पाहुणे आपलेच आहेत म्हणून समजूत काढली. पाहुणे आपलेच आहेत, हे तो अजून म्हणत होता. गद्रे ओट्यावर मान खाली घालून बसले होते. ते ऐकून त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संक्रांत झाली आणि ढाण्या आपला आपण परत आला. हाडं वर आलेली, एका कानाला जखम. आल्या रात्रीपासून तो हरभऱ्यात उभा राहून भुंकू लागला. पट्टी गेलीच होती. घराकडचा एक कोपरा तेवढा राहिला होता. मुक्ताबाईनं निरोप धाडला, "हाय त्यात करू. ताईंना घिऊन या."

त्या रविवारी गद्रे दोन भोपळे घेऊन निघाले. एसटीत दोन्ही मांडीवर घेऊन बसले होते. धायरीच्या फाट्यावर उतरून दोघं चालत पोचली. कोपऱ्यातला हरभरा उन्हात हिरवागार दिसत होता आणि त्याच्या मधोमध ढाण्या बसला होता. मच्छिंद्र आणि मुक्ताबाई काटक्या रचत होती. सुनीतीबाई पुढं धावल्याच. आणि त्यांना तशा धावताना बघून गद्र्यांचं मन इतकं भरून आलं, इतक्या दिवसांचं ओझं असं उतरलं, की त्यांनी आनंदानं हाक मारली, "मच्छिंद्र! आलो रे!"

आणि छत्री वर केली.

ढाण्याचे कान ताठ झाले.

"अहो, छत्री!" सुनीतीबाई ओरडल्या.

म्हणून गद्र्यांनी ती चटकन खाली केली.

ढाण्यानं अशी किंकाळी फोडली की मुक्ताबाईच्या हातातल्या काटक्या पडल्या. तो हरभऱ्यातून आडवातिडवा सुटला, शेकोटीसाठी उपटून ठेवलेली पेंढी पायांत अडकली ती फरफटत घेऊन गेला, आणि बांधापलीकडं, नदीच्या अंगाला... तीच वाट, तोच वेग.

दोन्ही भोपळे पिशवीत गद्र्यांच्या डाव्या हाताला लटकत होते. ते खाली ठेवावेत की नाही हेही त्यांना सुचेना.

हुळा झाला. तुडवलेल्यातला निवडून, झटकून, मूठ मूठ भाजला. सुनीतीबाई बांधावर बसल्या होत्या, पण पाय पसरून नव्हे. निघताना मुक्ताबाईनं त्यांची ओटी भरली. तांदूळ, नारळ, आणि वर हिरव्या घाट्यांची एक डहाळी. एकच. "फुडच्या साली लई ईल, ताई," ती म्हणाली, आणि सुनीतीबाईंनी तिला घट्ट जवळ घेतलं.

फाट्यापर्यंत मच्छिंद्र सोडायला आला. एसटी दिसली तेव्हा तो घुटमळला. मुंडासं काढून पुन्हा डोक्याला गुंडाळलं.

"अण्णा, राग मानू नगा."

"बोल रे."

"फुडच्या साली वयनींना एकल्यांनाच धाडा. म्या सवता येऊन घिऊन जाईन, सवता आनून सोडीन. काय हाय..." तो रस्त्याकडं बघत म्हणाला, "ढाण्याचं आता वय झालंय. त्याला लई पळवत न्हाय."

पुराच्या पाण्यातून बैलगाडीनं काढून नेणारा माणूस होता तो. गद्र्यांना वाटलं, त्याचे पाय धरावेत. पण फाट्यावर लोक होते आणि एसटी थांबली होती. ते नुसतं "बरं" म्हणाले.

पुढच्या साली सुनीतीबाई एकट्या गेल्या. गद्रे दिवसभर आरामखुर्चीत बसून होते. परवाना नव्यानं मंजूर झाला होता, पन्नास काडतुसं पुन्हा मिळणार होती. पण मच्छिंद्रानं ती आणलीच नाहीत, आणि कुठली आणू म्हणून विचारलंही नाही. रायफल त्यानं माळ्यावर टाकली होती. त्या साली पट्टी नुसत्या ढाण्यानं राखली.

दिवेलागणीला सुनीतीबाई परतल्या. हात काळे, तोंड काळं, आणि ओटी जड, भरगच्च. डोळ्यांत ते बांधावरचं हसू अजून होतं. जिना चढेपर्यंत ते आलं होतं. खोलीत आल्यावर त्यांनी ते आवरलं.

"ढाण्या कसाय?" गद्र्यांनी विचारलं.

"बरा आहे. माझ्या पायाशीच बसला होता."

"माझी कुणी आठवण काढली?"

"काढली ना. मुक्ताबाईंनी तुमच्यासाठी घाऱ्या झाकून ठेवल्या होत्या, मी गाडीत बसेपर्यंत बांधून द्यायला विसरल्या. मग म्हणाल्या, अण्णांना सांगा, पुढच्या वेळी नक्की."

सुनीतीबाईंनी भाजलेल्या घाट्यांची एक मूठ ताटलीत घालून त्यांच्यापुढं सरकवली आणि त्या आत वळल्या.

"निवडून खा हो," त्या जाता जाता म्हणाल्या. "थोडे किडके आहेत."

गद्र्यांनी चष्मा नीट बसवला. एकेक घाटा उचलून दिव्यापाशी धरला, फिरवला, दाबून पाहिला. बऱ्याच विचारांती एक निवडला आणि सोलला.

किडका निघाला.